फुकट देण्याची किंमत

दसऱ्याचे सोने वाटून झाले, कोजागरीचे दूध पिऊन झाले, की मराठी घरात एक पर्व सुरू होते. त्याची तिथी पंचांगात दिलेली नसते; परंतु ते टाळण्याची कोणाची छाती नाही. ते पर्व म्हणजे माळा साफ करण्याचे. शिडी भिंतीला लागते, घरातील कर्ता पुरुष नाकाला रुमाल बांधून वर चढतो आणि वर्षभर विस्मृतीत गेलेला संसार एकेक करून खाली उतरू लागतो. एक दांडी मोडलेला पाळणा, मुलाच्या दहावीच्या वर्षी घेतलेले अभ्यासाचे टेबल, लग्नात आलेले आणि वेष्टनातून कधीच न निघालेले दोन लेमन सेट, जाडजूड काचेचा जुना दूरचित्रवाणी संच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीची पूजा करावयाची आणि मध्यरात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर काढावयाचे, ही आपली रीत. पण या माळ्यावरच्या वस्तू लक्ष्मी की अलक्ष्मी, हे मात्र कोणत्याच शास्त्राने सांगितलेले नाही. टाकाव्यात तर जीव होत नाही, ठेवाव्यात तर जागा नाही. मग गृहिणी तोडगा सुचविते, “कोणाला तरी देऊन टाका.”

‘देऊन टाका’ हा शब्दप्रयोग आपण फार सहज करतो. त्यात ‘देणे’ आणि ‘टाकणे’ ही दोन क्रियापदे एकमेकांच्या गळ्यात हात घालून उभी असतात. प्रस्तुत लेख या दोघांना वेगळे करण्याचा एक प्रयत्न आहे; आणि तो करण्याची बुद्धी लेखकाला गेल्या दिवाळीत, थोडी उशिराच, झाली.

बोहारणीचा न्याय

एके काळी हा प्रश्न बोहारणीने सोडविला होता. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती दुपारच्या वेळी वाड्याच्या दारात यायची. जुन्या साड्या, विजारी, सदरे पुढ्यात पडायचे. ती एकेक कपडा उजेडाकडे धरून पाहायची, कॉलर चाचपायची, जरीचा काठ नखाने खरवडायची. घरातील बाई म्हणायची, एवढ्या ढिगाला एवढेसेच पातेले? बोहारीण म्हणायची, हा सदरा तर विरलाय, याचे काय करू? तासाभराच्या घासाघिशीनंतर एक पातेले घरात राहायचे आणि गाठोडे बाहेर जायचे. आपण फसलो असे दोघींनाही वाटायचे आणि दोघीही समाधानाने उठायच्या.

हे दान नव्हते, हे उघडच आहे. पण त्यात दानालाही हेवा वाटावा अशी एक गोष्ट होती. वस्तू कशी आहे हे दोघींनी डोळ्यांनी पाहिलेले असे, आणि ठरलेला शब्द जागच्या जागी पुरा होत असे. शिवाय ती बाई चार महिन्यांनी पुन्हा त्याच दारात येणार असे. त्यामुळे लबाडीला आपोआपच मर्यादा पडत. आज मोठ्या गृहसंस्थांच्या फाटकावरचा रखवालदार तिला आत सोडत नाही. तिच्या जागी आपल्या हातात मोबाइल आला आहे.

मोबदला न घेता, कधी न पाहिलेल्या माणसाला, पडद्यावरून वस्तू देण्याची चाल काही फार जुनी नाही. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील टूसॉन शहरी २००३ साली डेरॉन बील यांनी ‘फ्रीसायकल’ नावाचे जाळे सुरू केले. वापरण्याजोगी वस्तू कचऱ्याच्या भरावात गाडली जाऊ नये, हा त्यामागचा साधा हेतू. पुढे २०१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर रिबेका रॉकफेलर आणि लीझल क्लार्क या दोघींनी ‘बाय नथिंग’ हा उपक्रम आरंभिला. त्यांनी प्रारंभी एक अट मोठ्या कटाक्षाने पाळली : देणारा आणि घेणारा एकाच परिसरातील असावा. या अटीकडे आपण पुढे येऊच. आपल्याकडेही आता गृहसंस्थांचे व्हॉट्सॲप गट आहेत, शहराशहरांचे फेसबुक गट आहेत, जुन्या वस्तूंची संकेतस्थळे आहेत. छायाचित्र काढावे, चार ओळी लिहाव्यात, वस्तू मार्गी लागावी, इतके हे सोपे दिसते.

दात्याचा त्रागा

दिसते, असत नाही. अभ्यासाच्या टेबलाचे छायाचित्र मी रात्री नऊ वाजता टाकले. खाली स्पष्ट लिहिले : विनामूल्य, सागवानी, कोथरूड, दुसरा मजला, उद्वाहक नाही, न्यावयास स्वतः यावे. पहिल्या दहा मिनिटांत पंधरा-वीस संदेश आले. त्यांतील बहुतेकांत दोनच शब्द होते, “आहे का?” आहे म्हणून कळविले की पलीकडे शांतता. एकाने विचारले, शेवटची किंमत काय? विनामूल्य म्हणून सांगितल्यावर त्याचा उत्साहच मावळला. एकाने टेबलाची लांबी-रुंदी विचारली, खालच्या बाजूचे छायाचित्र मागितले, ड्रॉवर किती उघडतो ते विचारले, आणि शेवटी टेबल आपल्याला नको असून खुर्ची असल्यास कळवावे, असे सुचविले. एका गृहस्थांनी पत्ता पाठवून, रविवारी सकाळी पोहोचते करा, अशी जवळजवळ आज्ञाच केली. एकाने टेम्पोचे भाडे कोण देणार, असा सवाल टाकला. आणि तिघे जण ‘रविवारी दहाला नक्की’ असे सांगून आले नाहीत. त्या रविवारी आम्ही घरातच अडकून पडलो. ‘तुमचा कार्यक्रम रद्द झाला का’ असे विचारावे, तर फोन उचलला जात नव्हता.

हे वाचून ज्यांना आपलीच हकीकत छापून आल्याचा भास होईल, असे वाचक थोडे नसावेत. अशा वेळी मनात जो विचार येतो तोही सर्वांचा सारखाच असतो : फुकट देऊनही ही तऱ्हा! लोकांना किंमतच नाही. यापेक्षा भंगारवाला बरा. तो निदान ठरल्या वेळी येतो आणि वर चार पैसे देतो.

हा त्रागा मीही मनसोक्त केला. परंतु त्याच त्राग्याच्या भरात माझ्या हातून जे घडले, ते सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक ठरणार नाही.

एक खाडा

टेबलानंतर पाळी आली ती आईच्या शिलाई यंत्राची. पायाने चालविण्याचे, काळ्या रंगाचे, सोनेरी वेलबुट्टी अर्धी पुसलेली. आईच्या पश्चात ते आठ वर्षे झाकून ठेवले होते. ते भंगारात घालण्याचा विचारही सहन होईना. म्हणून छायाचित्राखाली दोन ओळी अधिक लिहिल्या : यंत्र उत्तम चालते, शिवणकाम करणाऱ्या गरजू व्यक्तीलाच द्यावयाचे आहे. हडपसरच्या पुढून एका बाईंचा निरोप आला. त्या कपड्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. घरी यंत्र झाले तर संध्याकाळी ब्लाउज शिवता येतील, असे त्यांचे म्हणणे. दिराचा टेम्पो बुधवारी मोकळा असतो, बुधवारी अकरा वाजता येते, असे त्यांनी कळविले. मी ‘या’ म्हणून सांगितले.

बुधवारी सकाळी साडेआठला आणखी एका गृहस्थांचा फोन आला. आपण जवळच आहोत, गाडी बरोबर आहे, पत्नी शिवणकाम करते, आत्ता येऊन नेतो. माझ्या डोळ्यांपुढे रविवारचे ते तिघे उभे राहिले. या बाई तरी येणार कशावरून? असा विचार करून मी हो म्हटले. नऊ वाजता यंत्र गेले. घरात जागा झाली. सुटल्यासारखे वाटले. त्या बाईंना कळवावे, हे चहाच्या नादात राहून गेले.

बरोबर अकरा वाजता दाराची घंटा वाजली. दारात त्या बाई, त्यांच्यामागे दीर, आणि दिराच्या हातात यंत्र बांधण्यासाठी आणलेला दोर. मी जे सांगावयाचे ते सांगितले. त्या रागावल्या नाहीत. क्षणभर आत, रिकाम्या झालेल्या कोपऱ्याकडे पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, “आधी सांगितलं असतं काका, तर आजचा खाडा तरी झाला नसता.”

एका दिवसाचा खाडा, टेम्पोचे डिझेल, दिराचा अर्धा दिवस. माझी फुकटची वस्तू त्या बाईंना न मिळताच एवढ्याला पडली होती.

या हकीकतीला आणखी एक शेपूट आहे. चौथ्या दिवशी एका संकेतस्थळावर तेच यंत्र २५०० रुपयांना विक्रीस आलेले दिसले. छायाचित्र मी काढलेलेच होते. मागे आमच्या गॅलरीतील तुळस स्पष्ट दिसत होती. प्रथम संताप झाला. मग लक्षात आले, की त्या गृहस्थांनी मला फसविले हे खरे. पण त्यांना फसविण्याची संधी मिळाली ती मी स्वतःचा शब्द मोडला म्हणून. शब्द पाळला असता तर यंत्र जेथे जावे असे मी लिहिले होते, तेथेच गेले असते.

दुधाच्या आणि भाकड गाई

आज वसुबारस. सवत्स धेनूची पूजा करून दिवाळीचा आरंभ करण्याचा हा दिवस. गाय आणि दान या दोहोंचा उल्लेख एकत्र आला की कठोपनिषदातील नचिकेत्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्याचा पिता वाजश्रवस सर्वस्वाचे दान करावयास निघाला होता. पण दानासाठी त्याने ज्या गाई उभ्या केल्या, त्या अखेरचे पाणी प्यालेल्या, अखेरचे गवत खाल्लेल्या आणि दूध आटून गेलेल्या होत्या. त्या पाहून लहानग्या नचिकेत्याला प्रश्न पडला, की असे दान देणाऱ्याची गती काय? पुढे त्याने पित्याला, मला कोणास देणार, असे पुनःपुन्हा विचारले आणि पित्याच्या रागाच्या भरातील उत्तर खरे करण्यासाठी तो यमाच्या दारी गेला, ही कथा सर्वश्रुत आहे.

आपल्या माळ्यावरून उतरणाऱ्या वस्तूंत दुधाच्या गाई किती आणि भाकड किती, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. टेबलाचा एक पाय डुगडुगतो हे मी छायाचित्राखाली लिहिले नव्हते. खालच्या बाजूचे छायाचित्र मागणाऱ्या ज्या गृहस्थांची मी वर थट्टा केली, त्यांना कदाचित पूर्वी असाच एखादा पाय भेटला असेल. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा देशभरातून गेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग तेथे रस्त्याकडेला पडून राहिले. कारण पाठविणाऱ्यांनी स्वतःचे कपाट रिकामे केले होते. घेणाऱ्याचे अंग त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते. १९९९ साली दिल्लीत ‘गूंज’ ही संस्था स्थापन करणारे अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचे मर्म नेमके येथे आहे. शहरांतून आलेल्या वस्तू तेथे निवडल्या जातात, दुरुस्त होतात, आणि गावकरी विहीर खणतात, रस्ता बांधतात, तेव्हा त्या श्रमाचा मान म्हणून त्यांच्या हाती पडतात. घेणारा तेथे हात पसरून उभा नसतो.

फुकटाला किंमत का नसते, याचेही उत्तर यातच आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी, १९२५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात, निव्वळ फुकट असे देणे जगात कोठेच नसते, असे प्रतिपादन केले. देणे, घेणे आणि परतफेड करणे या तिन्ही गोष्टी माणसांना एकमेकांशी बांधतात. बोहारणीच्या व्यवहारात हे बंधन पातेल्याच्या रूपाने दिसत असे. शेजारणीला वाटीभर चकल्या दिल्या तर ती वाटी रिकामी परत येत नाही, तेथेही ते दिसते. पडद्यावरच्या अनोळखी माणसाशी मात्र कोणतेच बंधन नसते. म्हणून तो येत नाही, आणि म्हणूनच मीही कळवीत नाही. ‘बाय नथिंग’च्या त्या दोघींनी परिसराची अट का घातली होती, ते आता ध्यानात येईल. आज टेबल नेणारा उद्या किराण्याच्या दुकानात भेटणार असेल, तर तो सहसा खोटे बोलत नाही, आणि आपणही नाही.

तक्रार कोणाची, अपेक्षा कोणाची

येथे कोणी म्हणेल, की सगळा दोष दात्याच्या माथी का? शब्द देऊन न येणारे काय साधू आहेत? मुळीच नाहीत. ‘नक्की येतो’ म्हणून न येणे हा दुसऱ्याच्या वेळेवर घातलेला दरोडाच आहे, आणि वस्तू फुकट आहे म्हणून तो क्षम्य ठरत नाही. गरजूंसाठी म्हणून दिलेली वस्तू खोटे सांगून नेणे आणि विकणे हे तर सरळ लबाडीचे काम. हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितलेच पाहिजे. परंतु न येणाऱ्याला सुधारणे माझ्या हाती नाही. तो मला पुन्हा भेटणारही नाही. माझ्या हाती आहे ते माझ्या बाजूचे देणे.

आणि तेथे मन थोडे खरवडून पाहिले, तर आपल्या त्राग्याच्या तळाशी एक वेगळीच अपेक्षा सापडते. पैसे नकोत, पण कौतुक हवे. घेणाऱ्याने वेळेवर यावे, दोन्ही हातांनी घ्यावे, “केवढे उपकार झाले” म्हणावे आणि काही दिवसांनी आठवणीने फोन करावा. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. परतफेडीच्या आशेने किंवा जड मनाने दिलेले ते राजस, आणि अनादराने, अवहेलना करून दिलेले ते तामस, असा त्यांचा आशय आहे. कृतज्ञता हीसुद्धा एक परतफेडच नव्हे काय? आणि ‘कोण नेतो ते नेऊ दे, एकदाची जागा होऊ दे’ या वृत्तीला आदर म्हणता येईल काय? तैत्तिरीय उपनिषदातील आचार्य तर शिष्याला निरोप देताना, देणाऱ्यानेच संकोच बाळगावा, असा उपदेश करतात. आपण मात्र संकोचाचा सगळा वाटा घेणाऱ्याकडे ढकलून मोकळे होतो.

म्हणून या दिवाळीत माळ्यावर चढण्यापूर्वी आम्ही घरात चार गोष्टी ठरविल्या. त्या कोणास पटल्यास त्यांनीही अनुसराव्यात. एक : जी वस्तू आपण आपल्या सख्ख्या भावाला देणार नाही, ती दानाच्या ढिगात घालावयाची नाही. मोडके ते मोडके म्हणून वेगळे काढावे. ते कचरावेचकांच्या हाती नीट सोपवावे. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या रूपाने त्यांची संघटना उभी आहे, आणि टाकाऊचे मोल करणे हे त्यांच्या कसबाचे काम आहे. जुना दूरचित्रवाणी संच मात्र अधिकृत ई-कचरा केंद्रावरच द्यावा. दोन : वस्तूतील दोष गुणांच्या आधी लिहावा. तीन : आधी जिना, मग गल्ली, मग पेठ, आणि सर्वांत शेवटी अनोळखी पडदा. धुणे-भांडी करणाऱ्या मावशी, इस्त्रीवाले, रखवालदार यांना विचारावे. पण ‘घेऊन जा’ असे सांगून नव्हे, तर ‘उपयोग होईल का’ असे विचारून, आणि ‘नको’ म्हणण्याची त्यांना पूर्ण मोकळीक ठेवून. चार, आणि सर्वांत महत्त्वाची : ज्याला शब्द दिला त्याची वेळ टळून जाईपर्यंत ती वस्तू आपली नाही. ती त्याची आहे. आपल्याकडे फक्त ठेव म्हणून आहे.

बळीचा शब्द

आणखी चार-पाच दिवसांनी बलिप्रतिपदा येईल. घरोघरी ओवाळणी होईल आणि आयाबाया बळीचे राज्य येवो म्हणतील. या बळीची कथा तरी काय आहे? दारात एक अनोळखी बटू आला आणि त्याने तीन पावले भूमी मागितली. बळीने शब्द दिला. मागणारा दिसतो तसा नाही, शब्द मागे घे, असे प्रत्यक्ष गुरू शुक्राचार्यांनी बजावले. तरी बळीने तो मागे घेतला नाही. दोन पावलांत सर्वस्व गेले, आणि तिसऱ्यासाठी त्याने मस्तक पुढे केले.

बळीने दिले किती, याचे आपल्याला अप्रूप वाटते. पण त्याने दिले ते शेवटी. त्याच्या आधी त्याने दिला तो शब्द. मागणारा खरा की कपटी याची शंका असतानाही त्याने तो राखला, म्हणून इतक्या युगांनंतरही त्याच्या नावाने दिवा लागतो. आपल्यापाशी त्रैलोक्य नाही. एक टेबल आहे, एक पाळणा आहे. पण शब्द मात्र आपल्यालाही बळीइतकाच पुरा देता येतो.

त्या बाईंना मी दुसऱ्या दिवशी फोन केला होता. माफी मागितली आणि झालेला खर्च पाठवितो म्हणालो. त्यांनी नको म्हटले. दुसरे यंत्र कोठे मिळाले तर सांगा, एवढेच म्हणाल्या. मी सांगतो म्हटले. हा दिलेला दुसरा शब्द. या वर्षी आमच्या जिन्यातील एका आजींचे यंत्र मोकळे झाले आहे. कालच त्याला तेल घातले, नवा पट्टा बसविला आणि त्या बाईंना निरोप धाडला. बुधवारी अकरा वाजता त्या येणार आहेत. अकराच्या आधी कोणीही आले, कितीही मोठी गाडी घेऊन आले, तरी ते यंत्र जागचे हलणार नाही.